ब्रँडच्या ‘हिरव्या’ दाव्यांवर विश्वास ठेवण्याआधी

तुमचा प्रश्न असा, की एक स्पोर्ट्सवेअर ब्रँड तुमच्या रनिंग ग्रुपला टी-शर्ट द्यायला तयार आहे. कापड रिसायकल केलेलं आहे, आम्ही समाजासाठीही काम करतो, असं ते सांगतात. हो म्हणावं का? आमच्या ग्रुपसाठी अशी बोलणी मीच करत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑफिसच्या गच्चीवरचे सोलर पॅनेल दाखवले तर भुलू नका. प्यूमाने २०१० सालच्या आपल्या कामकाजामुळे पर्यावरणाचं झालेलं नुकसान पैशात मोजलं होतं. आकडा निघाला १४.५ कोटी युरो. त्यात कंपनीची स्वतःची ऑफिसं, दुकानं, गोदामं यांचा वाटा जेमतेम ६ टक्के! बाकी सगळं पुरवठादारांकडे, आणि निम्म्याहून जास्त तर थेट कच्च्या मालापाशी. म्हणून मी आधी कारखान्यांची यादी मागतो. नायकीने ती २००५ मध्येच जाहीर केली होती, त्यामुळे ‘ते गोपनीय आहे’ हे उत्तर मला चालत नाही.

रिसायकल पॉलिएस्टर बहुतेक वेळा प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनतं. नव्यापेक्षा त्याला ऊर्जा कमी लागते, हे खरंच. पण बाटलीची पुन्हा बाटली होते, टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट क्वचितच होतो. शिवाय प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सुटतातच. बुटांचं तर आणखी अवघड. मी एकदा झिजलेला बूट मधोमध कापून पाहिला. फोम, रबर, जाळीचं कापड, सगळं गोंदाने इतकं घट्ट चिकटलेलं की एकही थर धड सुटा होईना. तेव्हा ‘जुने बूट परत घेतो’ म्हणाले, तर पुढे त्यांचं काय करता हे नक्की विचारा.

समाजकार्याबद्दल मी जास्त कडक आहे. एका ब्रँडने आमच्याकडे सरावाला येणाऱ्या मुलांना बूट वाटले. फोटो झाले. माप आधी कुणी घेतलंच नव्हतं. एक मुलगी पुढे कापूस कोंबून धावत होती, ते बघून जीव तुटला. बदलून मागितले तर फोनही उचलला नाही. तेव्हापासून मी एकच मागणी ठेवतो: प्रशिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन द्या, आणि ते लेखी द्या.

टी-शर्ट घ्यायचेच असतील तर नोंदणी करतानाच ‘नको’ असा पर्याय ठेवा आणि त्यावर वर्ष छापू देऊ नका. उरलेले पुढच्या वर्षी वापरता येतात.