धूर बॉनेटमधून, काटा मध्यावर: हेड उतरवायच्या आधी एवढं बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुन्या जखमेवरची खपली निघाली. 2006 ची पेट्रोल गाडी, खंबाटकी चढून आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबल्यावर बॉनेटच्या मागच्या कडेतून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास, टेम्परेचरचा काटा मध्यावर, आणि साताऱ्यात पोचेपर्यंत सगळं गायब. वर वर्कशॉपने गाडी न चालवताच ‘हेड गास्केट गेलंय, 22,000 धरून चला’ असं सांगून टाकलेलं (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग म्हणजे हेड गास्केट). माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, फक्त घाट आंबा होता. साखरप्याहून चढून वर आलो आणि चहासाठी गाडी बाजूला घेतली की धूर. चालत्या गाडीत काही म्हणजे काही दिसायचं नाही.

कूलंट, ऑइलची पातळी वगैरे तुम्ही पाहिलं असणारच, त्यात जात नाही. मी मेकॅनिक नाही, जुनी गाडी हट्टाने सांभाळणारा माणूस आहे. तुमची गाडी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबानेच वाचा. आणि गाडीला सीएनजी किट असेल, किंवा धुरासोबत पेट्रोलचा वास येत असेल, तर हे वाचत बसू नका. गाडी चालू करायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. जुन्या रबरी होजना हल्लीचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मानवत नाही, आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पेट्रोल ठिबकलं तर प्रकरण धुरावर थांबत नाही.

आता तुमच्या धुराकडे. निळसर, तेलाचा वास, घाटानंतर आणि गाडी उभी राहिल्यावरच. माझ्या मते तेल बाहेरून झिरपून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतंय आणि तिथे जळतंय. पहिला संशयित टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं, पॅकिंग. घाटात इंजिन तापतं, तेल पातळ होतं, चढावर ते कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात साचतं आणि कडक झालेल्या रबरातून थेंब थेंब बाहेर येतं. गाडी पळत असताना वारा धूर उडवून नेतो. टोलला थांबलात की तो सरळ वर येतो. तेल जातं ते चमचाभर, त्यामुळे डिपस्टिकवर कळत नाही. घरी पोचेपर्यंत मॅनिफोल्ड निवतो, थेंब जळत नाही, आणि मेकॅनिकसमोर बॉनेट उघडाल तेव्हा गाडी साळसूद.

हेड गास्केट गेलं असतं तर दुसरीच लक्षणं दिसली असती. कूलंट कुठेही न सांडता कमी होत जाणं, सकाळी थंड इंजिन रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं की पाण्यातून सतत बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, काटा चढणं. ऑइलच्या झाकणाखाली चहासारखा फेस दिसला म्हणूनही लोक घाबरवतात. पावसाळ्यात गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर ओल धरून तसा थोडा फेस येतोच, नुसत्या त्याच्यावरून हेड उतरवू देऊ नका. खात्रीच करायची तर एक निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर त्या द्रवाची नळी धरतात, जळालेला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. ही चाचणी मागा. ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले तर दुसरीकडे जा. एक खबरदारी: मध्यावरच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन उकळत असतानाही काटा शहाण्यासारखा बसून असतो.

आता माझ्या वर्कशॉपची गोष्ट. नाव घेत नाही. काचेचं ऑफिस, एसी, फुकट कॉफी, हातात टॅबलेट घेतलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. मी म्हटलं, घाट चढून थांबल्यावर धूर येतो. त्याने गाडी आवारात एक गोल फिरवली आणि जॉब कार्डवर लिहिलं, ‘स्मोक फ्रॉम बॉनेट – नॉट ऑब्झर्व्हड’. मग म्हणाला, ‘सर, इंजिन वॉश करून घेऊ, म्हणजे कळेल.’ आता इंजिन स्वच्छ करून लीक शोधणं ही पद्धत चुकीची नाही. पण आधी तेलाचे ओघळ कुठून कुठे गेलेत ते बघायचं, फोटो काढायचे, मग पुसायचं, मग गाडी तापेपर्यंत चालवायची आणि पुन्हा बघायचं, असा क्रम असतो. यांनी प्रेशरने धुऊन सगळे ओघळ घालवले आणि गाडी तशीच चावीसकट माझ्या हातात दिली. वर प्लगच्या खड्ड्यांत पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागली. त्याचे प्लग आणि केबल वेगळे बिलात लागले, आणि ते मिसिंगच पुढे हेड गास्केटचा पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवलं गेलं!

पुढे हेड उतरवलं. फेसिंग केलं (म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट केली), गास्केट बदललं. आणि धूर बंद झाला. इथेच खरी गोम आहे, आणि तुम्हाला एवढं लांबलचक लिहायचं कारणही तेच. हेड काढायचं तर टॅपेट कव्हर काढावंच लागतं, आणि परत बसवताना त्याचं पॅकिंग नवं टाकतातच, ते किटमध्येच येतं. म्हणजे काही शे रुपयांच्या रबराने धूर थांबला आणि श्रेय काही हजारांच्या हेडच्या कामाला मिळालं. ते काम करणारा माणूसही प्रामाणिकपणे समजतो की रोग हेडमध्येच होता. पुढच्या गाडीलाही तो तेच सांगतो. तुम्हाला 22,000 सांगणारा याच शाळेतला असेल, असं मला वाटतं. फसवतोच आहे असं म्हणत नाही.

माझा धूर काही महिन्यांनी परत आला. नवं पॅकिंग असूनही. वर्कशॉपचं उत्तर: ‘सर, गाडी जुनी झाली, एक्स्चेंजमध्ये चांगली किंमत काढून देतो.’ तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, ‘तेलाचं झाकण काढून बघितलंय का कुणी?’ गाडी आयडलवर ठेवून झाकण उघडलं आणि भोकावर कागदाचा चिटोरा धरला. निरोगी इंजिनात तो कागद हलकासा आत ओढला जातो. माझ्या गाडीत तो उडून बॅटरीवर जाऊन पडला आणि भोकातून वाफेचे फुसकारे यायला लागले. मिस्त्रींनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला, कानाशी धरून हलवला. आत गोळी टिकटिक वाजायला हवी. काही वाजलं नाही, काळ्या डांबराने गच्च भरलेला. ब्रीदरचा पाइपही तसाच.

इंजिनात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली उतरतोच, आणि तो बाहेर काढून परत जाळायला पाठवणं हे त्या व्हॉल्व्हचं काम. तो चोंदला की आत दाब साठतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं: टॅपेट कव्हर, क्रँकचं ऑइल सील, डिपस्टिकची नळी. असा दाब असताना नुसतं पॅकिंग बदलणं म्हणजे कुकरची शिट्टी चोंदलेली असताना गास्केट बदलत बसणं. व्हॉल्व्ह आणि पाइप नवे पडले, पॅकिंग पुन्हा नवं टाकलं, धूर गेला तो गेलाच. हेडच्या बिलाच्या तुलनेत हा खर्च चहापाण्याचा.

म्हणून तुम्ही पॅकिंग बदलाच, पण त्याच दिवशी कागदाची ती परीक्षा आणि व्हॉल्व्ह बघून घ्या. काही गाड्यांत झाकण उघडलं की इंजिन थोडं थरथरतं, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. काही मॉडेलांत वेगळा व्हॉल्व्ह नसतो, नुसता बारीक भोकाचा पाइप असतो, तोही चोंदतो. व्हॉल्व्ह साफ असूनही कागद उडत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, मिस्त्री लोक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते. अशा वेळी सायलेन्सरमधूनही निळा धूर येतो, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधला दाब, मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाईट बातमी असेल तर ती इथून येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

लीक नेमका कुठे हे स्वतः बघायचं असेल तर थंड इंजिनावर टॅपेट कव्हरच्या कडा कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि कडेने साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. बेल्टवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी नको. गाडी चढावर फिरवून आणा, इंजिन निवू द्या, मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. तेल जिथून सुटतं तिथे पावडरीत काळी रेघ उमटते. मागचा कोपरा, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी ते अर्धचंद्राकृती रबर असतं तिथे, आधी बघा. माझी रेघ तिथूनच निघाली होती. अजून एक, एसी बाहेरच्या हवेवर ठेवून चालवा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर वास येत नाही आणि लीक वाढलेला कळत नाही.

पॅकिंग बसवताना मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा, त्याला राग आला तरी चालेल. कव्हरचे बोल्ट जीव खाऊन आवळायचे नसतात. जास्त आवळले की कव्हर वाकतं, रबर चिरतं आणि पुन्हा गळायला लागतं. सिलिकॉन किंवा शेलॅक सगळीकडे थापायचं नाही, कोपऱ्यांत थेंबभर पुरे. जादा लावलेलं आत गळून पडतं आणि तेलाच्या जाळीत अडकतं, मग खरोखरच इंजिन उघडायची पाळी येते.

वास तेलाचा नसून जळक्या प्लास्टिकचा आला तर माझं वरचं सगळं विसरा. ती वायरिंग आहे. इंजिन बंद, आणि हात घालता येत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. ज्वाळा दिसल्या तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. आधी सगळ्यांना खाली उतरवा. आग विझवायचं सिलेंडर जवळ असेल आणि वापरता येत असेल तर बॉनेटच्या फटीतून मारा, नाहीतर लांब व्हा.

जाता जाता: तुम्हालाही कुणीतरी ‘15 वर्षं झाली, गाडी आता भंगारातच’ असं सांगितलंय असं दिसतं. दिल्लीचे नियम आपल्याकडे लावून लोकांना घाबरवायची ही नवी फॅशन आहे. महाराष्ट्रात 15 वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. विम्याकडून मात्र या धुराचे पैसे मागायला जाऊ नका. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

आणि काम झाल्यावर लगेच धूर थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. मॅनिफोल्डवर आणि त्याच्या पत्र्याआड आधीच मुरलेलं तेल जळून जायला वेळ लागतो. पहिल्या काही फेऱ्यांत थोडा धूर, थोडा वास येईल. तो दर फेरीला कमी होत गेला पाहिजे. तसा कमी होत असेल तर कुणाकडेही जाऊ नका, आणि त्या काचेच्या ऑफिसात तर नाहीच नाही.