एकही उमेदवार पटत नसेल, तर मत कसे ठरवावे?

प्रश्न: आमच्या विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ला (‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला) सर्वाधिक मते पडली, तर निवडणूक रद्द होईल का?

उत्तर: नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 मधील निकालानंतर हे बटण मतदान यंत्रावर आले आणि नापसंती गुप्तपणे नोंदवण्याची सोय झाली. त्याआधी ती केंद्राध्यक्षांसमोर नोंदवहीत लिहवून घ्यावी लागे. तरीही लोकसभा आणि विधानसभेत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये अशा वेळी फेरनिवडणुकीची तरतूद केली.

प्रश्न: दोन्ही प्रमुख उमेदवारांवर गुन्हे आहेत. मग दोघांत फरक तो काय करायचा?

उत्तर: फरक असतो, आणि तो शोधण्याचे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचे नमुना 26 मधील शपथपत्र असते. त्यात केवळ गुन्ह्यांची संख्या मोजू नका. कलम कोणते, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, शिक्षा झाली आहे का, हे रकाने वाचा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. उमेदवार पूर्वीही उभा राहिला असेल, तर त्याचे जुने शपथपत्र शेजारी ठेवा आणि मधल्या काळात वाढलेली मालमत्ता, त्याने दाखवलेले पाच वर्षांचे उत्पन्न आणि कर्ज यांचा मेळ बसतो का ते पाहा. जमिनीचे भाव वाढल्यानेही आकडा फुगतो. नव्याने घेतलेली मालमत्ता कोणती, हे म्हणूनच वेगळे पाहावे.

प्रश्न: एक अपक्ष उमेदवार चांगला वाटतो, पण तो निवडून येणार नाही. माझे मत वाया जाईल का?

उत्तर: वाया जाणार नाही. अनामत वाचवण्यासाठी वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, त्यात आपले मत धरले जाते. ‘नोटा’ची मते या हिशेबात येत नाहीत. मात्र आघाडीवरच्या दोघांपैकी एकाच्या हाती सत्ता जाणे आपल्याला खरोखर घातक वाटत असेल आणि लढत अटीतटीची असेल, तर मी दुसऱ्याला मत देईन, आणि तो निवडून आल्यावर त्याच्या कामाचा जाबही त्यालाच विचारीन.