नाव काढू नका, आधी वॉर्ड बदलून मागा

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोस्टिंगच्या रुग्णालयातला एक वरिष्ठ कर्मचारी काम शिकवायच्या निमित्ताने अंगाला हात लावतो, रात्री मेसेज टाकतो. ट्यूटर म्हणाल्या, ‘लक्ष देऊ नकोस, तास भरायचेत.’ तिचे बाबा म्हणतात, नाव काढून बीएला घालू. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, बऱ्याच मुली हे घरी सांगतच नाहीत, कारण सांगितलं की शिक्षण बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलीने सांगितलं आणि बाबांनी नेमकं तेच काढलं! बाबांचा राग खरा आहे. पण चूक त्याची आणि कॉलेज सुटणार हिचं, हा कुठला न्याय?

परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाला ते साल १९७३. तेव्हा परिचारिकेने अशा त्रासाची तक्रार न्यावी अशी समितीच नव्हती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा, त्यावरचा कायदा २०१३चा. ‘ती तर शिकाऊ, पगारावर कुठे आहे?’ असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. त्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात आणि रुग्णालयंही. उद्या पेशंटने किंवा नातेवाइकाने त्रास दिला, तरी सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेचीच.

मुदत मात्र सांभाळा. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी संस्थेत असलेल्या समितीकडे, जायला हवी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. आज रात्रीच तिला वहीत लिहायला सांगा : तारीख, कुठली ड्यूटी, कुठला वॉर्ड, जवळ कोण होतं. ‘सकाळची ड्यूटी, मेल सर्जिकल, ड्रेसिंग ट्रॉली लावताना, सोबत बॅचची एक मुलगी’ एवढं पुरे. आणि ते मेसेज! किळस येते म्हणून मुली डिलीट करून टाकतात. तसं करू देऊ नका. स्क्रीनशॉट काढून तुमच्या फोनवर घ्या.

तक्रारीतच लिहा, की चौकशी होईपर्यंत त्याची किंवा तिची जागा बदलावी. तशी शिफारस समिती करू शकते. रजाही मिळते, तीन महिन्यांपर्यंत. पण रजेत तास बुडतात, म्हणून वॉर्ड बदलणंच बरं. एक प्रत रुग्णालयाच्या समितीला, एक प्राचार्यांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या. पोलिसांत जायचा मार्ग वेगळा आणि खुलाच आहे.

ट्यूटरबाईंवर फार चिडू नका. कदाचित त्याही असंच गिळत शिकल्या असतील. पण त्यांचं ते वाक्यही तक्रारीत येऊ द्या.

प्राचार्यांकडे जाताना बाबांना सोबत न्या. ते बाहेर बाकावर बसले तरी चालेल. आत मुलीलाच बोलू द्या.