लाँग कोविडसाठी इंग्लंडमध्ये पिप मिळतो का?

मिळतो. पिप म्हणजे आजारामुळे रोजची कामं किंवा चालणं-फिरणं अवघड झालेल्यांना इथलं सरकार देतं तो भत्ता. लाँग कोविड म्हणजे कोविड उतरल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणारं दुखणं. मला मिळतोय. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘असे पैसे घेणं बरं दिसतं का’ असं जे हळूच जोडलंय ना ताई, त्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. बसले म्हणजे उशीला टेकून, फोनवर, तीन दिवस थोडं थोडं. कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या.

तुम्ही लिहिलंय, कोविड होऊन तीन वर्षं झाली, अंगात त्राण नाही, जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, लाँग कोविड लिहून दिलंय, आणि मिस्टर म्हणतात आपण इथे कमवायला आलोय, हात पसरायला नाही. हे वाक्य मार्च 2022 मध्ये आमच्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं बोललं गेलंय. मी तेव्हा गॅससमोर स्टुलावर बसले होते आणि नवरा फ्रीजला टेकून उभा होता. त्या स्टुलाचं पुढे काय झालं ते सांगते.

मी केअर होममध्ये नर्स होते. जानेवारी 2021 मध्ये तिथूनच कोविड घरी घेऊन आले. ताप आठवड्यात उतरला, ऑक्सिजन लागला नाही, सगळे म्हणाले सुटलीस. राहिला तो ‘अशक्तपणा’. हा शब्दच घात करतो. अशक्तपणा म्हटलं की आपल्याकडे डिंकाचे लाडू सुचतात. सासूबाईंनी ते दोनदा पाठवले, चांगले झाले होते, मुलांनी संपवले. पण हा तो अशक्तपणा नव्हेच. आज केलेल्या कामाची वसुली उद्या-परवा होते, तीही सावकारी व्याजाने. सोमवारी केस धुतले तर मंगळवार-बुधवार अंधाऱ्या खोलीत. डॉक्टर याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. घरचे ‘पुन्हा झोपली का?’ म्हणतात.

माझे मोठे दीर पुण्यात डॉक्टर आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं, वहिनी, रोज पाच-पाच मिनिटं वाढवत चाला, पडून राहिलात तर पडूनच राहाल. मी स्वतः नर्स, मलाही ते पटलं. सहा आठवडे चालले. सातव्या आठवड्यात जिना बसून उतरायला लागले आणि मग काठी आली. पुढे क्लिनिकमध्ये एमई, म्हणजे न संपणाऱ्या थकव्याचा आजार, असंही निदान झालं. असा ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम एमईसाठी सुचवू नका, असं इथल्या नाइसने, म्हणजे कुठल्या आजाराला काय उपचार ते सांगणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर 2021 मध्ये स्वच्छ लिहिलंय. ते पान मी भाऊजींना पाठवलं. उत्तरादाखल अंगठा आला. चूक झाली असं अजून म्हणालेले नाहीत.

असो. पिप. अर्जाचा फोन मी नवरा कामावर असताना केला. लपूनच म्हणा ना. घरी जाडजूड फॉर्म आला आणि तो मी एका संध्याकाळी, बऱ्या दिवशी, नर्स रिपोर्ट लिहिते तसा नेटका, थोडक्यात भरून टाकला. ही पहिली चूक. दुसरी चूक ऑगस्टमध्ये, फोनवरच्या असेसमेंटला, म्हणजे काय जमतं काय नाही ते विचारतात त्या मुलाखतीला.

त्या दिवसासाठी मी आदले दोन दिवस हललेच नव्हते. आंघोळ नाही, पडदे बंद, फोन उशीवर स्पीकरला लावलेला. पलीकडची बाई गोड आवाजाची. तिने विचारलं, आज कशा आहात? मी म्हटलं, फाइन, थँक यू, तुम्ही कशा आहात? अहो, काय म्हणणार दुसरं! आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय. मरणाच्या दारात असलं तरी पाहुण्याला ‘बरं चाललंय’ म्हणायचं. मग तिने विचारलं, स्वयंपाक करता का? आणि मी ‘हो’ म्हणाले. करत नव्हते. पण दोन मुलांच्या आईने, साताऱ्याच्या सुनेने, परक्या बाईला ‘मी स्वयंपाक करत नाही’ कसं सांगायचं? जीभच वळली नाही. तासभर बोललो. फोन ठेवल्यावर ओढणी डोळ्यांवर घेऊन पडले ती चौथ्या दिवशी उठले. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना, मुलीने स्ट्रॉ आणून दिला. ते मात्र कुठल्याच कागदावर आलं नाही. कागदावर काय आलं? ‘फाइन असल्याचे सांगितले. स्वयंपाक करते. तासभर सुसंगत उत्तरे दिली.’

गुण पडले रोजच्या कामांचे 4 आणि चालण्या-फिरण्याचे 4. दोन्हीकडे किमान 8 लागतात, 12 झाले तर वरचा दर. म्हणजे शून्य पैसे. नवरा पत्र वाचून म्हणाला, ‘बघ, सांगत होतो.’ तेव्हा कळलं त्याला, अर्ज केलाय ते. तीन दिवस बोलला नाही.

आता तुमच्या कामाचं. पिपमध्ये आजाराच्या नावाला गुण नसतात. जीपीने लाँग कोविड लिहिलं, छान, पण तेवढ्याने काही होत नाही. विचारतात ते हे की रोजची दहा आणि येण्याजाण्याची दोन कामं तुम्हाला कशी जमतात. आणि ‘जमतं’ याची व्याख्या नियमातच दिलीय: सुरक्षितपणे, ठीकठाक दर्जाचं, लागेल तितक्या वेळा पुन्हा, आणि निरोगी माणसाला जास्तीत जास्त लागेल त्याच्या दुपटीहून जास्त वेळ न लावता. या चारपैकी एक जरी नसेल तरी ते काम जमत नाही असंच धरायचं. आपल्या आजाराचा जीव त्या ‘पुन्हा’ शब्दात आहे. एकदा पन्नास मीटर चालले आणि मग दिवसभर आडवी, तर मी पन्नास मीटर चालू शकत नाही. हे मला अख्खं एक वर्ष कुणी सांगितलं नाही. निम्म्याहून जास्त दिवस काय असतं तेही बघतात, म्हणून डायरी ठेवा. मी कॅलेंडरवर रोज एकच अक्षर लिहायचे, ‘आ’ म्हणजे आडवी. त्रास अर्जाआधी तीन महिने असायला हवा आणि पुढे नऊ महिने राहील असं दिसायला हवं. तीन वर्षं झालीत, तो प्रश्न तुम्हाला नाही.

स्वयंपाकाचं नीट ऐका, आपल्या बायका तिथेच पडतात. पोळ्या लाटवत नाहीत, चार माणसांचं होत नाही, हे लिहून उपयोग नाही. त्यांचा स्वयंपाक म्हणजे ताज्या भाजीचं, एका माणसाचं, एकच साधं शिजवलेलं, तेही कमरेच्या उंचीवर. ओव्हनमध्ये वाकणं त्यात धरतच नाहीत. तेवढंही बसून करावं लागत असेल तर ते स्टूल ‘साधन’ धरलं जातं आणि 2 गुण मिळतात. माझं स्टूल साधं प्लॅस्टिकचं, बाजारातून आणलेलं. मला वाटायचं दवाखान्याने दिलेलं असेल तरच चालतं. तसं काही नाही. कुणीतरी शेजारी उभं राहावं लागत असेल तर 4. न्हाणीतलं स्टूल वेगळं, त्याचे वेगळे 2.

निकालाच्या पत्रावरच्या तारखेपासून महिन्याच्या आत फेरविचार मागायचा. मी मागितला, उत्तर तेच, शब्दही जवळजवळ तेच. बहुतेक लोक इथे थकून सोडून देतात. आजारच थकव्याचा, आणि वाट अशी की थकलेला गळून पडावा. मी ठामपणे सांगते, सोडू नका. ट्रिब्युनलपर्यंत, म्हणजे अपिलाच्या न्यायालयापर्यंत, जातात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा निकाल बदलतो. तिथे तिघं असतात, एक न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि अपंगत्वाची जवळून माहिती असलेली एक व्यक्ती.

माझी तारीख ऑक्टोबर 2023 मध्ये लागली. नवऱ्याने रजा घेतली, ‘गाडीने सोडतो, आत येणार नाही’ म्हणाला. मग आत आला. माझ्या मागच्या खुर्चीवर, जॅकेट न काढता बसला. डॉक्टरबाईंनी विचारलं, काल रात्री काय जेवलात? मी म्हटलं, मऊ भात आणि मेतकूट. मेतकूट म्हणजे काय ते सांगण्यात दोन मिनिटं गेली. मग विचारलं, भात कुणी लावला? आणि मी गप्प. पुन्हा तेच, जीभ वळेना. मागून नवरा बोलला, ‘मी.’ न्यायाधीशांनी त्याला थांबवलं, म्हणाले आधी त्यांना सांगू द्या. मी सांगितलं काय सांगायचं ते, आणि मग त्यांनी त्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

तेव्हा तो कुकरचं बोलला. 2022 च्या त्याच मार्चमध्ये मी कुकर लावून स्टुलावर बसले, पाणी घालायला विसरले, आणि बसल्या बसल्या डोळा लागला. व्हॉल्व्ह उडाला, आत डाळीचा कोळसा, छताला काळा डाग. मी त्या आवाजानेही उठले नव्हते. धाकटा धावत आला आणि त्याने गॅस बंद केला. हे मला अर्धंमुर्धंच माहीत होतं. नवऱ्याने डाग रंगवून टाकला होता आणि मुलाला सांगून ठेवलं होतं की आजीला बोलू नकोस. तो पुढे म्हणाला, तेव्हापासून दीड वर्ष रोजचा स्वयंपाक मी करतोय, आणि आईला व्हिडिओ कॉलवर ताट दाखवून सांगतो की हिनेच केलंय. म्हणजे बाई, मी एकीकडे असेसमेंटला खोटं बोलत होते आणि हा दुसरीकडे आईला. दोघंही एकाच गोष्टीची लाज राखत होतो. कुकरच्या व्हॉल्व्हचं इंग्रजीत सांगताना त्याचा आवाज कापत होता, मी मागे वळून बघितलं नाही.

त्याच दिवशी निकाल हातात मिळाला. रोजच्या कामांचे 10, चालण्याचे 10, काठी धरून 20 ते 50 मीटर. दोन्हीकडे खालचा दर. 2025-26 च्या दराने आठवड्याला 73.90 आणि 29.20 पौंड होतात. थकबाकी अर्जाचा पहिला फोन केला त्या दिवसापासूनची मिळाली, म्हणून म्हणते, विचार करत बसू नका, आधी फोन करा. पैशावर कर नाही, नवऱ्याचा पगार बघत नाहीत, बचत बघत नाहीत, तुम्ही नोकरीत असलात तरी चालतं.

मिस्टरांच्या हात पसरण्याबद्दल. माझ्या आईला 2006 साली चिकनगुनिया झाला, तेव्हा घरटी माणसं आडवी होती. पुढे वर्षभर ती सकाळी भिंत धरून उठायची, बोटं मिटायची नाहीत, आणि तशीच शेतावर जायची. तिला कुणी विचारलं नाही, किती मीटर चालता. आपल्याकडचा 2016 चा कायदा 21 प्रकारचं अपंगत्व मानतो आणि सवलतींसाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र मागतो, पण नुसत्या न संपणाऱ्या थकव्याला त्या यादीत नाव नाही. इथे कुणीतरी विचारतंय तर सांगा. आईने सोसलं म्हणून मीही सोसावं, ही माझ्या सासरची समजूत, तुमच्याकडे नसेल तर उत्तम.

हे आधी लिहायला हवं होतं, राहून गेलं: व्हिसा. तुमच्याकडे आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, आहे का? व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं असेल तर पिपला हात लावू नका, तो पब्लिक फंडात मोडतो, अर्ज केलात तर व्हिसाची अट मोडू शकते आणि पुढे जड जातं. माझं आयएलआर 2017 चं होतं म्हणून मी निर्धास्त होते. शिवाय गेल्या तीन वर्षांतली किमान दोन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, म्हणजे मध्ये लांब मुक्कामी भारतात गेला असाल तर महिने मोजा. स्कॉटलंडमध्ये असाल तर पिप नाही, अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट असतं. फॉर्म एकटीने भरू नका, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये फुकट मदत मिळते. आणि मी नर्स आहे, वकील नाही. जीपीच्या एका ओळीच्या पत्रापेक्षा ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं कशी जमतात ते बघणारी तज्ज्ञ) घरी येऊन लिहिलेलं पान माझ्या जास्त कामी आलं.

नवऱ्याचं मत अजून बदललेलं नाही. ते पैसे तुझ्या खात्यात ठेव, मला हिशेब नको, म्हणतो. पण चालण्याच्या भागात 8 किंवा जास्त गुण असले की इंग्लंडमध्ये ब्लू बॅज, म्हणजे गाडीला लावायचा अपंगांच्या पार्किंगचा बिल्ला, मिळतो, तो मात्र त्याला फार आवडलाय. परवा गणपतीची आरास आणायला निघाला आणि मला म्हणाला, चल ना, तू नुसती गाडीत बस. मी म्हटलं, मी गाडीत बसून राहणार असेन तर तो बॅज लावायचा नसतो. मग कुरकुरत डिकीतून व्हीलचेअर बाहेर काढली.