पुळणीवरचे भुंगे आणि पडवीचे वासे

प्रश्न : आमचं घर शिरोड्याला, पुळणीला अगदी लागून आहे. पुढच्या वाळूवर मर्यादवेल आणि रुई माजली आहे. रोज सकाळी तिथे मोठाले काळे भुंगे येतात आणि आमच्या पडवीच्या वाशांना गोल भोकं पाडतात. वेल उपटून टाकली तर भुंगे जातील का? – एक वाचक

उत्तर : भुंगे जाणार नाहीत, ते तुमच्या परसातल्या भोपळ्यावर येतील. वाळू मात्र नक्की जाईल, कारण ती धरून ठेवलीय याच वेलीने. तेव्हा आधी कोयता खाली ठेवा.

हा भुंगा म्हणजे एक मधमाशीच, शास्त्रीय नाव झाइलोकोपा. एकदा सकाळी लवकर वेलीजवळ बसून बघा. मर्यादवेलीचं जांभळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मध अगदी बुडाशी असतो आणि पुंकेसरांच्या तळाशी लव असल्याने वाट चिंचोळी. भुंगा डोकं खुपसून आत शिरतो, बाहेर येतो तो पांढऱ्या परागांनी माखूनच. या वेलीत स्वतःच्याच परागावर बहुधा बी धरत नाही, आणि वाळूवर जी दहा ठिकाणी फुललेली दिसते ती पुष्कळदा एकच लांबलचक वेल असते. म्हणून पराग दूरच्या वेलीवर नेणारा दमदार उडणारा लागतो. (भुंगा सरळमार्गी असतोच असं नाही. कधी बाहेरूनच फुलाच्या बुडाला चीर पाडून मध चोरतो. अशी चीर दिसली तर त्या फुलाला त्याचा उपयोग शून्य.)

खरी मजा रानअबईची. वाळूवर तीन पानांची, गुलाबी फुलांची वेल असेल तर तीच. तिचं फूल उलटं असतं : मोठी पाकळी खाली, बसायला, आणि केसर ज्या पाकळ्यांत बंद असतात त्या वर. भुंगा खालच्या पाकळीवर बसून जोर लावतो तेव्हा केसर वरून त्याच्या पाठीवर टेकतात. साध्या मधमाशीला एवढा जोर कुठला! घागरी नावाच्या झुडपात उलट प्रकार. भुंग्याच्या वजनाने फुलाची चोच दबली की टूथपेस्टसारखे पराग त्याच्या पोटाला लागतात. रुईचे पराग तर सुटे नसतातच. त्यांच्या जोडपिशव्या चिमट्याने भुंग्याच्या पायाला अडकतात आणि पुढच्या फुलाच्या फटीत सुटतात.

हे सगळे दिवसपाळीचे. भीमाशंकरच्या जंगलात झाइलोकोपा ट्रान्क्वेबॅरिका ही जात चंद्र नसलेल्या रात्रीही फुलं शोधत उडते, हे हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

आता तुमचे वासे. भुंगा लाकूड खात नाही, नुसतं कोरतो. मादी आत बोळ करते, पराग-मधाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते, भुशाची भिंत घालते, मग पुढची खोली. तोंडासमोर येऊन घिरट्या घालणारा बहुतेक वेळा नर असतो, त्याला नांगीच नाही. मादीला आहे, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. लहान पोरांना एवढं सांगून ठेवा.

भुंग्यांना उघडं, सुकं, मऊ लाकूड आवडतं. वाशांना तेल-रंग लावा, नव्या भोकांना बराच आळा बसेल. कुंपणाजवळ पांगाऱ्याचा एखादा सुका ओंडका जमिनीपासून उचलून, पाऊस लागणार नाही असा बांधा. सुरूच्या वाळल्या फांद्याही सगळ्याच चुलीत घालू नका. कीटकनाशक भोकात फवारायचा सल्ला कोणी देईल, देऊ दे. जुनं भोक बुजवायचंच असेल तर आधी दोन गोष्टी बघा : खाली ताजा भुसा पडतोय का आणि तिन्हीसांजेला कोणी आत शिरतंय का. दोन्ही नसेल, तरच लाकडी खुंटी ठोका.