डॉक्टरताईंना विचारा : भरलेली बाटली भरलेलीच परत येते

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझी मुलगी १२ वर्षांची आहे, सातवीत शिकते. सकाळी साडेनऊला शाळेला जाते, साडेचार-पाचला घरी येते. पाण्याची बाटली भरून देते तशीच परत आणते. आली की दप्तर टाकून मोरीकडे पळते, कधी कधी उंबऱ्यातच थेंब गळतात आणि मग रडते. दोन महिन्यांत दोनदा उन्हाळी लागली. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी दे. आणि लाज वाटते, पण लिहिते : मलाही शिंकताना, भाताचा भारा उचलताना थोडं गळतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालंय. बाईच्या जातीला हे असायचंच म्हणून कुणाला बोलले नाही. – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, त्या भरलेल्या बाटलीतच तुमच्या लेकीचं निम्मं दुखणं आहे. ती पाणी विसरत नाही, ठरवून पीत नाही. तिला जवळ बसवून एकदा विचारा, शाळेत संडासाला का जात नाहीस? माझ्याकडे येणाऱ्या मुली आधी गप्प बसतात, मग एकेक सांगतात. दाराला कडी नाही. बादली आहे, पाणी नाही. मुलं बाहेर उभी राहून हसतात. तासाला विचारलं की सर म्हणतात, आत्ताच सुट्टी झाली ना? मग पोर दोन्ही दारं बंद करते, पाणी पिण्याचंही आणि लघवीचंही.

या वयात मूत्राशयात साधारण ३५० ते ४०० मिली मावतं, म्हणजे दोन फुलपात्री. पाणी कमी प्यायलं की लघवी थोडी पण गडद होते, तीच मूत्राशयाला चरचरते. शिवाय बाईची मूत्रनलिका अवघी ४ सेंटिमीटरची. उन्हाळीला कारण होणारे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, ई. कोलाय नावाचे. ते नलिकेतून वर चढतात. वेळच्या वेळी लघवी झाली की धुऊन जातात, तासन्‌तास साचली की तिथेच वाढतात. म्हणून सासूबाईंचं धने-जिऱ्याचं पाणी जरूर द्या, पोटात पाणी जाईल ते बरंच. पण दोन महिन्यांत दोनदा म्हटल्यावर लघवीची कल्चर तपासणी करून घ्या. कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध त्याला लागू पडतं, ते त्यात कळतं. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र देऊ नका.

लघवीला बसताना घाई नको. चड्डी पार खाली, पाय टेकवून, अंग सैल सोडून बसायचं. अर्धवट वाकून उभ्या-उभ्या केलं की ओटीपोटाखालचे स्नायू ताठ राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. धुताना हात पुढून मागे न्यायचा. साबण नको, साधं पाणी पुरे. आणि शौचाला रोज साफ होते का, हे नक्की विचारा. आतड्यात खडा धरला की तो मूत्राशयाला दाबतो. कितीतरी मुलींचं गळणं नुसता मलावरोध गेल्यावर थांबलेलं मी पाहिलंय. भाकरी, पालेभाजी, पाणी, आणि सकाळी दहा मिनिटं शांत बसू द्या.

शाळेचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी स्पष्ट लिहिलेलं आहे. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीला जा. एकट्या नको, चौघी-पाचजणी आया मिळून जा. मागणी छोटी ठेवा : आतून कडी, भरलेली बादली, आणि तासाला विचारलं तर सोडायचं. केरळमधल्या शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली. आपल्याकडे ती वाजवायला शिपायाचे दोन मिनिटांचे हात लागतील, बाकी काही नाही. तोवर लेकीला सांगा, मधल्या सुट्टीत मैत्रिणीला दाराशी उभी करून जायचं, लघवी लागो न लागो. इतके दिवस दाबून ठेवल्यानं तिला कळ वेळेवर जाणवेनाशी झालीय. ती जाणीव जागी होईपर्यंत दर तीन तासांनी लघवीला जायचं वेळापत्रक लागेल.

आता तुमचं. "बाईच्या जातीला असायचंच" हे वाक्य वाचलं आणि मला आई आठवली. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. सकाळी घोटभरही पाणी न पिता निघायची. विचारलं तर म्हणायची, "पाणी पिलं की उठाय लागतंय, उठलं की मुकादम वरडतोय." एका वर्षी तिला थंडी वाजून ताप भरला, कमरेत कळा. आम्ही हिवताप समजून चार दिवस काढले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. लघवीला जळजळतंय, हे तिनं पंधरा दिवस आधीपासून सोसलं होतं आणि आम्हा मुलींनाही सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर झाले त्याला हे एक कारण आहे. म्हणून तुम्ही लाजत का होईना लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं.

शिंकताना गळणं हे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्याचं लक्षण आहे. त्याला व्यायाम आहे. १९४८ साली अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी तो मांडला. चारचौघांत वारा अडवताना जे आत ओढता, तेच स्नायू. श्वास न कोंडता, पोट-मांड्या न आवळता ते वर ओढायचे, पाच-सहा अंक मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. एका वेळी आठ-दहा, दिवसात तीनदा. भाकऱ्या थापताना करा, बसमध्ये करा. गुण यायला निदान ३ महिने लागतात आणि बहुतेकजणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. तुम्ही सोडू नका. भारा उचलण्याच्या, शिंकण्याच्या आधी क्षणभर ते आवळून घ्यायचं, याचा फरक त्या मानानं लवकर दिसतो. ‘अंग बाहेर येतंय’ असं जाणवत असेल तर आधी तपासून घ्या.

प्रश्न : माझं वय ५९. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. वर्षात चौथ्यांदा जळजळ झाली. गोळ्या दोन दिवस घेतल्या की बरं वाटतं, मग बंद करते. सौंदत्तीला डोंगरावर जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. – चिकोडीजवळून

उत्तर : मावशी, दोन दिवसांत बरं वाटलं तरी जंतू गेलेले नसतात. सांगितलेला कोर्स पुरा करा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, जंतूंना सोपं जातं. त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं आणि वारंवार होणारा संसर्ग त्यानं कमी होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा, स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते आधी सांगा. साखर तपासा. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर किती शिल्लक राहते, तेही पाहायला सांगा.

डोंगराला जाताना पाणी तोडू नका. कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे तिकीट लागत नाही, तर थेट गाडीचा हट्टही नको. मध्ये मोठ्या स्टँडवर उतरा, जाऊन या, पुढची गाडी पकडा. बसमध्ये अचानक जोराची कळ आली तर उठून धडपडू नका. जागेवर बसून खालचे स्नायू चार-पाच वेळा झटपट आवळा, कळ ओसरते. चहा मात्र त्या दिवशी एकच.

लघवीतून रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, पुढच्या अमावास्या-पौर्णिमेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा. जाताना तीन दिवसांची नोंद न्या : किती वाजता पाणी, किती वाजता लघवी, जुन्या मापाच्या भांड्यानं मोजून किती. कानडीत लिहा, मराठीत लिहा, आकडे डॉक्टरांना कळतात.