क्योटोच्या बागांत बांबू कुठे आणि कसा पाहावा

पहिल्याच खेपेला दिवसात पाच बागा उरकू नका, दोन पुरेत. आराशियामा या भागात सकाळी सातच्या आत पोहोचा. बांबूच्या वनातली वाट मोफत आणि कायम खुली असते, पण नऊनंतरच्या गर्दीत पानांची सळसळ ऐकूच येत नाही. तिथल्या तेन्र्यू-जी मंदिराची बाग साडेआठला उघडते आणि तिचं उत्तरेचं दार याच वनाकडे निघतं. एप्रिल-मेमध्ये पानं पिवळी दिसली तर तो रोग नव्हे, बांबूची पानगळ तेव्हाच असते. खोडावर नाव कोरू नका. खोड पुन्हा जाड होत नाही, त्यामुळे ओरखडा कधीच भरून येत नाही.

कारागिरी मात्र कुंपणात आहे. केन्निन्-जी पद्धतीत चिरलेल्या कामट्या उभ्या, एकमेकींना चिकटवून लावतात आणि आडव्या पट्ट्यांनी आवळतात. काळा सुंभ भिजवून बांधतात, म्हणजे वाळताना गाठ घट्ट बसते. उभ्या बांबूचं टोक निरखून पाहा. ते पेराच्या गाठीला लागून, तिच्या जरा वरच कापलेलं असतं. कांड्याच्या मध्ये कापलं तर नळीत पावसाचं पाणी साचतं आणि बांबू कुजतो.

शिसेन्-दो मंदिराच्या बागेत शिशि-ओदोशी या पाण्यावर चालणाऱ्या बांबूच्या नळीपाशी बसाच. नळी पाण्याने भरते, कलते, रिकामी होते आणि तिचं मागचं टोक दगडावर आपटतं. मुळात हे जनावरं पळवण्यासाठी होतं. घाईत असाल तर एकच ठोका ऐकाल. दोन ठोक्यांमधली शांतता ऐकायला थांबावं लागतं.

वाटेवर काळ्या दोरीने बांधलेला छोटा दगड किंवा आडवा बांबू दिसला, तर तिथून पुढे जाऊ नका.